तिन्हीसांजेची भूक

बाळंतिणीच्या खोलीत संध्याकाळी सहा ते दहा या वेळात जे चालतं, त्याचं निदान घरातल्या प्रत्येकाकडे तयार असतं. आजी म्हणते दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळा. आत्याला वाटतं वात धरला, बेंबीभोवती हिंग लावा. शेजारच्या काकूंना दुपारच्या वाटाण्याच्या उसळीचा संशय येतो. मग नवव्या की दहाव्यांदा बाळाला पदराखाली घेतलेल्या त्या पोरीकडे बघत कोणीतरी ते वाक्य बोलतं, ज्यावर सगळ्यांचं एकमत होतं: "अगं, पोट भरत नाहीये त्याचं. वरचं दूध सुरू कर."

तिलाही ते पटतं. दुपारी हेच बाळ अडीच तास गाढ झोपलं होतं. आता दहा मिनिटं पितं, सोडतं, किरकिरतं, मुठी चोखतं, पुन्हा तोंड वळवून शोधतं. छाती मऊ पडलेली, सकाळचा ताठरपणा नाही, पिळून पाहिलं तर थेंबभर. पुरावा सगळा एकाच बाजूला झुकलेला दिसतो. साडेनऊला नवरा मेडिकलमधून डबा घेऊन येतो. दोन चमचे पावडर, साठ मिलिलिटर पाणी. बाळ गटागटा पितं आणि झोपतं. खटला निकालात निघतो.

या लागोपाठच्या पाजण्याला आता आपल्याकडेही क्लस्टर फीडिंग म्हणू लागले आहेत, आणि ते ज्या दिवसांत फार वाढतं त्या दिवसांना ग्रोथ स्पर्ट, म्हणजे वाढीची उडी. त्या रात्रीचा निकाल बरोबर होता का, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे. सरसकट हो किंवा नाही म्हणता येणार नाही. पण निकाल ज्या पुराव्यावर दिला गेला तो कच्चा होता, हे आधीच सांगून टाकते.

छातीतल्या दुधाबद्दल आपण मनात नकळत टाकी धरून बसलेलो असतो. भरली, उपसली, आता भरेपर्यंत थांबा. प्रत्यक्षात ते काम विहिरीसारखं चालतं. उपसा झाला की झरे मोकळे होतात, उपसा थांबला की बुजायला लागतात. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे पीटर हार्टमन यांच्या गटाने पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर बाळाचं वजन करून दुधाचा हिशेब ठेवला. एक ते सहा महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांचे त्यांचे आकडे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाला सरासरी ११ वेळा पाजणं. पण कोणाचं ६ वेळा, तर कोणाचं १८. चोवीस तासांतलं दूध सरासरी पाऊण लिटरच्या थोडं वर; पण एका टोकाला अर्ध्या लिटरहून कमी आणि दुसऱ्या टोकाला सव्वा लिटरहून जास्त. ही सगळी धडधाकट, वाढणारी बाळं होती. छातीत जेवढं दूध असे, त्यातलं सरासरी दोन तृतीयांशच बाळ पीत असे. बाकीचं तिथेच राही.

म्हणजे मऊ छाती ही रिकामी छाती नसते. उलट ती जितकी मोकळी झालेली, तितका दूध तयार होण्याचा वेग जास्त, आणि त्या दुधात स्निग्धांशही जास्त. दूध बराच वेळ साचून राहिलं तर छातीतच कारखान्याचा वेग कमी करणारी यंत्रणा चालू होते. एका वेळी किती साठतं हेही बाईबाईत वेगळं असतं. कमी साठवण असलेली आई जास्त वेळा पाजून दिवसाची बेरीज तितकीच करते. संध्याकाळी छाती मऊ असते, बाळ थोडं-थोडं, पण घट्ट दूध पितं, आणि त्याच्या त्या चिकाटीच्या चोखण्याने उद्याची मागणी नोंदवली जाते. पिळून थेंबभर आलं म्हणून दूध नाही, हाही न्याय चुकीचा. बाळाच्या तोंडाला जे जमतं ते घाबरलेल्या आईच्या बोटांना जमत नाही, नि ताणाखाली पान्हा फुटायलाही उशीर होतो. गाय पान्हा चोरते हे आपल्याला कळतं; बाईचं मात्र लगेच 'आटलं' म्हणून जाहीर होतं.

घड्याळ लावून पाजावं हा नियम कुठून आला, तेही बघण्यासारखं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडचे डॉ. ट्रूबी किंग यांनी चार तासांचं वेळापत्रक आणि रात्री उपास, अशी शिस्त लोकप्रिय केली. शास्त्र म्हणून ती पसरली आणि बाटलीला ती चांगली मानवली. दुसऱ्या टोकाला कलहारी वाळवंटातले कुंग लोक. १९८० मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या कॉनर आणि वर्थमन यांच्या निरीक्षणानुसार तिथल्या आया तासाला सुमारे चार वेळा, दोन-दोन मिनिटं पाजत होत्या. त्यांच्याकडे क्लस्टर फीडिंगला वेगळं नाव लागलंच नसतं, कारण दिवसभर तेच. आपली आजी-पणजी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी होती: बाळ रडलं की पदराखाली, घड्याळ भिंतीवर.

आता त्या साठ मिलिलिटरकडे येऊ. बाळ झोपलं, हे खरं. पण कोणतंही भुकेलेलं किंवा नुसतं थकलेलं बाळ साठ मिलिलिटर पोटात गेल्यावर झोपेल. यावरून आधी दूध कमी होतं हे सिद्ध होत नाही. डब्याचं दूध पोटातून उशिरा पुढे सरकतं, म्हणून झोप जरा लांबते. तेवढा वेळ छातीतला उपसा थांबतो. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच झालं की डबा समोरच असतो. आठवड्याभरात साठचे नव्वद होतात, आणि महिन्याने ती आई खरंच म्हणू शकते की मला दूध पुरत नव्हतं. निदान चुकीचं होतं, उपचाराने ते खरं करून दाखवलं. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'ने स्तनपानावर जी लेखमाला काढली, तिचा एक मुख्य मुद्दा हाच होता: बाळाचं रडणं, किरकिरणं, रात्री तुकड्यातुकड्यांत झोपणं या नेहमीच्या वागण्याचा अर्थ दूध अपुरं असा लावला जातो, आणि पावडरच्या बाजाराने ही शंका पद्धतशीरपणे जोपासली आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी अंगावरच्या दुधाची वकिली करायला बसले आहे. थोडी आहेच. पण या बाजूच्या लोकांनीही एक गोष्ट गरजेपेक्षा जास्त खात्रीने सांगितली आहे, ती म्हणजे वाढीच्या उड्यांचं वेळापत्रक. तिसरा आठवडा, सहावा आठवडा, तिसरा महिना, सहावा महिना: मोबाइलमधली अ‍ॅप्स तर तारखेनिशी सूचना पाठवतात. अमेरिकेच्या मिशेल लॅम्पल यांनी १९९२ मध्ये ३१ बाळांच्या लांबीची मोजमापं मांडली. त्यांचं म्हणणं असं की बाळ रोज थोडं-थोडं वाढत नाही. दिवसेंदिवस लांबी जिथल्या तिथे राहते, आणि मग अर्धा ते अडीच सेंटिमीटरची उडी येते. दोन उड्यांमधलं अंतर दोन दिवस असू शकतं, तसंच त्रेसष्ट दिवसही. पुढे २०११ मध्ये त्यांनी असंही दाखवलं की उडीच्या आधी बाळ जास्त झोपतं. या निष्कर्षांवर आकडेशास्त्राच्या अंगाने आक्षेप घेतले गेले. पण ते जसेच्या तसे स्वीकारले तरी त्यातून कॅलेंडर निघत नाही. निघते ती प्रत्येक बाळाची आपली-आपली बेभरवशाची चाल. अंगावर पिणारं बाळ असो की बाटलीवरचं, हाडांना आहाराची जात ठाऊक नसते.

मग सहाव्या आठवड्याबद्दल सगळीकडे एकच अनुभव का? याचं एक जुनं उत्तर आहे. बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये टी. बेरी ब्रेझल्टन यांनी ८० आयांना बाळाच्या रडण्याची डायरी ठेवायला लावली आणि १९६२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून चढत जातं, सहाव्या आठवड्याला दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास जातं, मग उतरतं. आणि त्यातलं बरंचसं संध्याकाळी असतं. कुंग बाळांतही रडण्याचा उंचवटा साधारण याच वयात दिसला. फक्त त्यांचं एकेक रडणं लवकर थांबतं. बाटलीवरची बाळंही याच वयात, याच वेळी रडतात. म्हणजे तिन्हीसांजेची ती किरकिर नेहमी भुकेचीच असते असं नाही. दिवसभराचा उजेड, आवाज, हाताळणं, न उमगणारं हे नवं जग, यांचा शीण तिच्यात आहे. अंगावर पिणारं बाळ त्या शिणाचं उत्तरही छातीशीच शोधतं, कारण तिथे दूध, ऊब आणि ओळखीचा वास एकाच जागी मिळतो. आपल्या आज्यांनी या वेळेला दृष्टीची वेळ म्हटलं. कारण चुकलं असेल. वेळ मात्र अचूक टिपली होती.

बाटलीवर वाढणाऱ्या घरातली संध्याकाळ वेगळ्या रीतीने फसते. तिथे माप दिसतं. साठ प्यायलं, नव्वद प्यायलं, वीस उरलं. अंगावरच्या घरात माप दिसत नाही म्हणून भीती. इथे दिसतं म्हणून भलता भरवसा. उरलेले वीस मिलिलिटर टाकवत नाहीत, कारण डबा महाग आहे, आणि बाळ रडलं की हाताशी असलेलं पहिलं उत्तर म्हणजे आणखी एक बाटली. पहिल्या घरात स्वाभाविक मागणीला कमतरता समजलं जातं, दुसऱ्या घरात स्वाभाविक शिणाला भूक समजलं जातं.

बाटलीवरच्या बाळाला भुकेचा अंदाज नसतो असं मात्र मुळीच नाही. अमेरिकेत सॅम्युएल फोमन यांनी १९७० च्या दशकात बाळांना मुद्दाम पातळ आणि घट्ट, असं दोन प्रकारचं बाटलीचं दूध देऊन पाहिलं. सहा आठवड्यांनंतरची बाळं पातळ दूध जास्त प्यायली आणि घट्ट कमी. शरीर मोजत होतं. बिघडतं ते मोठ्यांच्या हातून. २०१० मध्ये अमेरिकेतच १,२०० हून जास्त बाळांच्या एका अभ्यासात असं दिसलं की सुरुवातीला फक्त अंगावर प्यायलेल्या बाळांपैकी २७ टक्के पुढे बाटली किंवा कप तळाशी नेऊन रिकामा करत; सुरुवातीपासून फक्त बाटलीवर असलेल्यांत हेच प्रमाण ६८ टक्के होतं. बाटलीत आईचं काढलेलं दूध असलं तरी फार फरक नव्हता. दोष दुधाचा कमी, 'संपव राजा, एवढंच राहिलंय' या लाडाचा जास्त.

म्हणून बाटलीवरच्या बाळाला वाढीच्या दिवसांत जास्त भूक लागली तर ती भागवावी, पण मागितली म्हणून. डब्यावरच्या तक्त्याने किंवा अ‍ॅपने सांगितलं म्हणून नाही. बाटली आडवी धरावी, मधे थांबावं, ढेकर काढावा, तोंड फिरवलं की विषय संपला. पाणी कमी करून पावडर वाढवणं हा तर शुद्ध अपराध आहे. त्याने भूक भागत नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. आपल्याकडे अर्थात उलटंच जास्त घडतं. दिवसाला पाऊण-एक लिटर दूध करायचं तर चारशे ग्रॅमचा डबा तीन-चार दिवसांत संपतो. महिन्याला आठ-दहा डबे. मजुरीवर चालणाऱ्या घरात तिसऱ्या आठवड्यातच दोन चमच्यांचा दीड होतो. बाळ रडतं, पुन्हा पाजतात, पुन्हा रडतं. तेही वरून क्लस्टर फीडिंगसारखंच दिसतं. ती निखळ उपासमार असते. 'वरचं दूध' या आपल्या शब्दाखाली गाईचं, म्हशीचं, शेळीचं पाणी घातलेलं दूधही येतं, आणि ते तर हिशेबातच धरलं जात नाही.

आणि बाळसं? या शब्दाइतकं घातक कौतुक दुसरं नाही. अमेरिकेतल्या कॅथरिन ड्यूई यांच्या 'डार्लिंग' अभ्यासात १९९० च्या सुमारास दिसलं की पहिले दोन-तीन महिने दोन्ही प्रकारची बाळं जवळपास सारखीच वाढतात. नंतर पावडरवरची वजनात पुढे जातात आणि वर्षाअखेर सरासरी सहाशे-साडेसहाशे ग्रॅमने जड असतात. लांबीत फारसा फरक नसतो. १९७७ चे अमेरिकन वाढतक्ते मुख्यतः बाटलीवरच्या बाळांवरून बनले होते. त्या तराजूत अंगावरची बाळं तिसऱ्या महिन्यानंतर घसरलेली दिसत आणि आईच्या हातात डबा दिला जाई. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतल्या, आईच्या दुधावर वाढलेल्या बाळांवरून २००६ मध्ये नवे तक्ते केले, आणि आज आपल्या अंगणवाडीत तेच आहेत. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत पावडरमधली प्रथिनं कमी केली तर सहाव्या वर्षी लठ्ठपणाही कमी दिसला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर दाखवलंच आहे की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांहून बरीच हलकी जन्मतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते. अशा देशात गुबगुबीत गाल हे आरोग्याचं प्रमाणपत्र मानणं धोक्याचं आहे.

आता दुसरा पक्ष, आणि तो हलका नाही.

माझ्या पहिल्या बाळंतपणात, एका छोट्या नर्सिंग होममध्ये, मला सगळ्यांनी धीर दिला होता: येईल दूध, रडू दे, पाजत राहा. पाचव्या दिवशी माझी मुलगी रडायचीच थांबली. शांत झाली, सारखी झोपू लागली. आम्हाला वाटलं, पोट भरायला लागलं. खरं तर तिच्या अंगातलं पाणी कमी झालं होतं. वजन जन्मापेक्षा तेरा टक्क्यांनी उतरलं होतं, आणि तिला कोणी वजनकाट्यावर ठेवलंच नव्हतं. दोन दिवसांत ती सावरली, आज ती तिशीत आहे, पण 'क्लस्टर फीडिंग नॉर्मल असतं' हे वाक्य कोणी डोळे मिटून म्हटलं की अजून माझ्या पोटात खड्डा पडतो.

पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात-आठ टक्क्यांनी उतरतं. दहाच्या पुढे गेलं की सावध व्हायचं. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं, आणि मग तीन महिने दिवसाला सरासरी पंचवीस-तीस ग्रॅम. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा लंगोट चांगले ओले व्हायला हवेत. (डायपरवाल्या घरात हा हिशेबच बुडतो, पहिला महिनाभर सुती लंगोट वापरायला माझी आई सांगायची ती उगाच नाही.) या दोन गोष्टी जागेवर असतील तर संध्याकाळी बाळ चार तास छातीला चिकटून राहिलं तरी दूध पुरतंय. त्या जागेवर नसतील तर बाळ दिवसभर शांत झोपलं तरी पुरत नाहीये. आणि ते चिकटून राहणं संध्याकाळपुरतं न राहता आठही प्रहर चालू असेल, प्रत्येक वेळी चोखणं आहे पण गिळण्याचा आवाज नाही, तर बघायला हवं: बाळाने नुसतं बोंड तोंडात धरलंय की भोवतालच्या काळ्या भागासकट? जीभ खाली जखडलेली आहे का? आईला थायरॉइडचा त्रास, बाळंतपणात फार रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहिलेला? अशा आया थोड्या असतात, पण असतात, आणि शतावरी-अळिवाच्या खिरीने त्यांचं दूध वाढत नाही. त्यांना 'तू पुरेसं पाजत नाहीस' म्हणणं हा दुहेरी अन्याय आहे.

वरच्या दुधाचा एक घोट म्हणजे स्तनपानाचा अंत, हे गणितही तितकं सरळ नाही. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात ४० नवजात बाळांवर एक छोटी चाचणी झाली. वजन लवकर उतरत असलेल्या बाळांपैकी निम्म्यांना, आईचं दूध भरपूर उतरेपर्यंतच, प्रत्येक वेळी अंगावर पाजल्यानंतर फक्त दहा मिलिलिटर पावडरचं दूध सिरिंजने दिलं. तीन महिन्यांनी फक्त अंगावर पिणारी बाळं याच गटात जास्त होती. पुढच्या मोठ्या चाचणीत तो फायदा टिकला नाही, पण महिन्याभरात तोटाही दिसला नाही. यातून डब्याला मोकळीक मिळते असं मला वाटत नाही. मोजून, कारणासाठी, अंगावर पाजल्यानंतर आणि ठरावीक मुदतीपुरतं दिलेलं दूध वेगळं. रोज रात्री साडेनऊला घरच्यांचा धीर सुटला म्हणून दिलेलं दूध वेगळं.

राहता राहिली आई. या वादात तिच्या छातीचाच विचार होतो, पाठीचा होत नाही. आपल्याकडे सव्वा महिन्याची विश्रांती पाळतात. चाळीस दिवस झाले की न्हाण, ओटी, आणि बाळंतीण हळूहळू स्वयंपाकघरात. म्हणजे बाळाची संध्याकाळ जेव्हा सर्वांत कठीण असते, नेमक्या त्याच आठवड्यात आईचा आराम संपतो, आणि ती कठीण वेळ पोळ्यांचीही असते. पाजायला बसली तर 'सारखी घेऊनच बसते', उठली तर बाळ रडतं. वरच्या दुधाचा डबा पुष्कळदा बाळाच्या भुकेमुळे येत नाही; संध्याकाळी सहा ते नऊ पोळ्या लाटायला दुसरं कोणी नाही म्हणून येतो. विदर्भातल्या वीटभट्टीवरच्या किंवा मुंबईतल्या घरकाम करणाऱ्या बाईला तर सव्वा महिनाही नाही. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आली, पण ती संघटित नोकरीतल्या बाईपुरती. बाकीच्यांच्या बाळांची आई दिवसभर कामावर असेल तर ती बाळं तिच्या पदराखाली संध्याकाळी तुटून पडतील, यात नवल नाही. ती त्यांची दिवसाची वसुली असते. अशा आईने दिवसा वरचं दूध दिलं तर तिला कोणी उपदेश करू नये. रात्री आणि पहाटे मिळेल तेवढं अंगावर पाजलं तरी झरा पुष्कळ दिवस टिकतो, एवढं तिला कोणीतरी सांगावं. आणि ज्या आईची झोप आणि मन दोन्ही तुटलं आहे, तिने ठरवून बाटली घेतली तर तो तिचा पराभव मानायचं कारण नाही. त्या बाटलीसाठी पाणी उकळून, सत्तर अंशांच्या खाली उतरण्याआधी पावडर घालून, मग अंगच्या उबेइतकं निवू द्यायचं, हे मात्र तिला शिकवायला हवं. डब्याची जाहिरात आपल्या १९९२ च्या कायद्याने बंद आहे. डबा नीट कसा वापरावा हे शिकवण्यावर बंदी नाही, तरी ते कोणी शिकवत नाही.

सगळं तोलून माझं मत असं: वजन वाढतंय आणि लंगोट ओले होत आहेत, तर तिन्हीसांजेच्या रडण्यावर डबा उघडू नये. किमान तीन-चार दिवस बाळ मागेल तितकं पाजावं, त्या वेळेपुरतं आईला चुलीपासून सोडावं, आणि घरातल्या पुरुषांनी बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात, गच्चीत फिरवावं. त्याने निम्मी किरकिर जाते. वजन वाढत नसेल तर पोरीला धीर देत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि गरजेचं दूध मोजून द्यावं. बाळ बाटलीवर असेल तर रडण्याचं पहिलं उत्तर कुशी आणि दुसरं बाटली.

रडण्याला साक्षीदार मानण्याची आपली सवय जुनी आहे, पण काट्याची सोयही आता घराजवळ आली आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली, आणि तिथले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. त्याच वाटेने आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, सोबत वजनकाटा घेऊन. बेचाळिसावा दिवस म्हणजे बरोबर सहावा आठवडा. त्यानंतर तिची पुढची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात. मधल्या काळात लसीसाठी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळाला दवाखान्यात न्यावंच लागतं. तिथे गर्दी असते, सिस्टरला घाई असते, इंजेक्शन झालं की पुढचं नाव पुकारतात. त्या वेळी एवढं करा: बाळाला उघडं करून काट्यावर ठेवा, आणि आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घेतल्याशिवाय रांगेतून हलू नका.